बॅसच्या लुअरसाठी फ्लोरोकार्बन लाइन कशी निवडावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि तेथील तलावांवर बॅस हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा गरवायला लागलेल्या मराठी मंडळींकडून आलेले आहेत. कोणी डॅलसजवळच्या तलावांवर जातात, कोणी अटलांटाजवळच्या लेक लॅनियरवर, तर कोणी कॅलिफोर्नियाच्या डेल्टामध्ये. उत्तरे कृत्रिम आमिषांपुरती, म्हणजे लुअरपुरती मर्यादित आहेत. जिवंत आमिषाचा विचार येथे केलेला नाही. दुकानात लाइन ज्यावर गुंडाळून मिळते त्याला ‘बंडल’ आणि रीलवरच्या चकरीला ‘स्पूल’ म्हटले आहे. एखाद्या मुद्द्याचा खुलासा दुसऱ्या उत्तरात असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फ्लोरोकार्बन म्हणजे नेमके काय? आपल्या साध्या तंगुसापेक्षा ती वेगळी कशी?

दिसायला दोन्ही सारख्याच, एकसंध आणि पारदर्शक धाग्याच्या असतात. फरक असतो तो पदार्थात. आपण ज्याला तंगूस म्हणतो ते नायलॉन असते, तर फ्लोरोकार्बन लाइन पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड, म्हणजेच पीव्हीडीएफ, या फ्लोरिनयुक्त प्लास्टिकपासून ओढून काढलेली असते. जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये ‘सीगार’ या नावाने अशी लाइन प्रथम बाजारात आणली. नायलॉनची घनता पाण्याच्या सुमारे १.१४ पट असते आणि पीव्हीडीएफची सुमारे १.७८ पट. नायलॉन पाणी शोषून थोडे मऊ आणि कमजोर होते, तर पीव्हीडीएफ जवळजवळ पाणी शोषतच नाही आणि उन्हानेही लवकर खराब होत नाही. तिसरा प्रकार ब्रेडेड, म्हणजे विणलेल्या लाइनचा. ती पॉलिएथिलीनच्या तंतूंची असते आणि पाण्यापेक्षा किंचित हलकी असल्यामुळे तरंगते. पुढची बहुतेक उत्तरे घनतेच्या या तीन पायऱ्यांवर उभी आहेत.

२. ही लाइन माशाला पाण्यात दिसतच नाही, हे खरे आहे का?

कमी दिसते, हे खरे आहे. दिसतच नाही, हे खरे नाही. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा, सुमारे १.३३ असतो, पीव्हीडीएफचा १.४२ आणि नायलॉनचा १.५३ च्या आसपास. पाणी आणि धागा यांच्या अपवर्तनांकांतला फरक जितका कमी, तितका धाग्यावरून प्रकाश कमी परावर्तित होतो. हिशेब मांडला तर सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी फ्लोरोकार्बनच्या पृष्ठभागावरून हजारात साधारण एक भाग परततो आणि नायलॉनच्या पृष्ठभागावरून साधारण पाच भाग. फरक खरा आहे. पण एक आणि पाच या दोन्ही संख्या लहानच आहेत, आणि लाइनची सावली, तिच्यावर चिकटलेले शेवाळ किंवा गाठीचा गोळा यांना अपवर्तनांकाची सवलत मिळत नाही. नितळ पाण्यात हळू चालणाऱ्या किंवा एका जागी टांगून ठेवलेल्या लुअरला या गुणाचा उपयोग होतो. गढूळ पाण्यात, किंवा माशाला विचार करायला वेळच न देणाऱ्या वेगवान क्रँकबेटला, म्हणजे ओढले की थरथरत पोहणाऱ्या माशाच्या आकाराच्या कडक लुअरला, तो जवळपास निरर्थक ठरतो. केवळ अदृश्य असल्याच्या जाहिरातीला भुलून ही लाइन घेणारे बहुधा चुकीच्या लुअरवर ती वापरतात, असे मला वाटते.

३. मग तिचा खरा फायदा कोणता?

तिचे पाण्यातले वजन. दहा पाउंडांच्या, म्हणजे तेवढा भार पेलणाऱ्या, सुमारे ०.२६ मिलिमीटर व्यासाच्या लाइनचा ३० मीटर तुकडा घेतला, तर त्याचे आकारमान साधारण १.६ घन सेंटिमीटर भरते. त्यातून विस्थापित पाण्याचे वजन वजा केल्यावर नायलॉनचा तुकडा पाण्यात जेमतेम ०.२ ग्रॅम भरतो आणि फ्लोरोकार्बनचा सुमारे सव्वा ग्रॅम. सव्वा ग्रॅम ऐकायला क्षुल्लक वाटते. पण साडेतीन ग्रॅमच्या जिगहेडच्या, म्हणजे गळावर ओतलेल्या वजनाच्या, तुलनेत ते मोठे ओझे आहे. या वजनामुळे लाइन पृष्ठभागावर कमान करून राहत नाही, लुअरच्या मागोमाग खाली उतरते, वाऱ्याने कमी ओढली जाते आणि रॉडच्या टोकापासून लुअरपर्यंतची रेषा अधिक सरळ राहते. तळावर जिग दगडाला टेकला की चिखलात रुतला, हे हाताला कळते ते मुख्यतः या सरळपणामुळे आणि धाग्याच्या ताठपणामुळे.

दुसरा फायदा घासण्याला तोंड देण्याचा. पाण्यात बुडालेली झाडे, धक्क्याचे खांब आणि खडकांच्या राशी यांवर घासल्यावर चांगली फ्लोरोकार्बन त्याच जाडीच्या ओल्या नायलॉनपेक्षा जास्त टिकते. ती घासलीच जात नाही, असा मात्र याचा अर्थ नाही (प्रश्न १६ आणि १९ पाहा).

४. फ्लोरोकार्बन ताणली जात नाही, म्हणून गळ चांगला रुततो, असे दुकानदार सांगतात. हे बरोबर आहे का?

अर्धे बरोबर आहे. सुरुवातीच्या हलक्या ओढीला ती नायलॉनपेक्षा कमी दाद देते, म्हणून हाताला ती ‘घट्ट’ लागते. ओढ वाढली की तीही चांगलीच ताणली जाते. खरोखर न ताणणारी लाइन हवी असेल, तर ती विणलेली लाइनच. फ्लोरोकार्बनची खोड वेगळीच आहे : मर्यादेपलीकडे ताणली गेली की ती पूर्ववत होत नाही आणि त्या भागात कायमची कमकुवत होते. लुअर झाडात अडकल्यावर रॉड वाकवून जीव खाऊन ओढण्याची सवय असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. अशा वेळी रॉड लुअरच्या रेषेत धरून, स्पूल अंगठ्याने दाबून मागे सरकावे आणि लुअर सुटून आल्यावर शेवटची दोन-तीन मीटर लाइन कापून टाकावी.

५. मला एकच बंडल घ्यायचे आहे. किती पाउंडांचे घ्यावे?

बेटकास्टिंग रीलसाठी, म्हणजे फेकताना जिची चकरी फिरते त्या रीलसाठी, १२ किंवा १५ पाउंडांचे घ्यावे. तुमचा तलाव मोकळा आणि बऱ्यापैकी नितळ असेल तर १२, आणि त्यात उभी झाडे असतील तर १५. टेक्सासच्या लेक फोर्कसारख्या पाण्यात, जेथे बुडालेल्या झाडांचे जंगल आहे आणि १६ ते २४ इंचांचा लार्जमाउथ जातीचा बॅस परत सोडावा लागत असल्याने मोठे मासे भरपूर आहेत, तेथे १५ च्या खाली जाण्यात शहाणपण नाही. उलट लॅनियरच्या खोल, स्वच्छ पाण्यातल्या स्पॉटेड बॅससाठी १० पाउंडसुद्धा पुरतात. फेकताना जिची चकरी स्थिर राहते त्या स्पिनिंग रीलचा हिशेब वेगळा आहे. तो प्रश्न १० मध्ये आहे.

६. कोणत्या लुअरला कोणती जाडी, हे सविस्तर सांगाल का?

एक सूत्र धरून ठेवले की पाठांतराची गरज राहत नाही : लुअर पाण्याच्या कोणत्या थरात, किती वेगाने आणि कशाच्या जवळून जायला हवे, त्यावरून लाइन ठरते, माशाच्या वजनावरून ती क्वचितच ठरते.

खोल जाणारे क्रँकबेट घ्या. त्याच्या ओठाने ते खाली घुसत असते आणि मागची लाइन त्याला पाण्याच्या अडथळ्याने वर खेचत असते. लाइन जितकी बारीक, तितका अडथळा कमी आणि तितके लुअर खोल. म्हणून येथे १० ते १२ पाउंड. त्याच क्रँकबेटला २० पाउंडांची लाइन बांधली, तर पाकिटावर छापलेली खोली ते कधीच गाठणार नाही. चौकोनी ओठाचे उथळ क्रँकबेट मात्र लाकडांवर आपटत न्यायचे असते, म्हणून त्याला १५ पाउंड योग्य ठरतात. जाड लाइनमुळे ते थोडे वर राहते, तेही सोयीचेच असते.

पाण्यात अधांतरी थांबणारा जर्कबेट हे सर्वांत नाजूक प्रकरण आहे. त्याचे सारे कसब थांबण्यात असते, आणि जड लाइन त्याचे नाक हळूहळू खाली ओढते. सामान्य आकाराला ८ ते १० पाउंड ठेवावेत आणि नवा जर्कबेट बांधल्यावर धक्क्याजवळच्या पाण्यात अर्धा मिनिट सोडून पाहावा. तो बुडू लागला तर लाइन बारीक करावी किंवा गळ हलका बसवावा.

जिग आणि टेक्सास रिग (सरकते वजन आणि मऊ प्लास्टिकमध्ये लपवलेला गळ यांची जुळणी) तळावर आणि अडचणीत चालतात, म्हणून १५ ते २० पाउंड. फिरत्या पात्यांचे स्पिनरबेट, ब्लेड्ड जिग आणि ओठ नसलेला लिपलेस क्रँकबेट यांना १५ ते १७ पाउंड पुरतात. गवतात अडकलेला लिपलेस झटक्याने सोडवायचा असतो, म्हणून तेथे १२ वर समाधान मानू नये. मोठ्या स्विमबेटला २० ते २५ पाउंड लागतात, ते मुख्यतः फेकतानाच्या हिसक्यासाठी. ड्रॉपशॉट, नेड रिग, शेकी हेड अशा हलक्या रिगांना ६ ते ८ पाउंड.

कॅरोलिना रिगमध्ये एक गोम आहे. मुख्य लाइन फ्लोरोकार्बनची असणे चांगले, कारण तिने तळाला धरून राहावे अशीच आपली इच्छा असते. पण शिशाच्या पुढचा तुकडा, ज्याला मऊ प्लास्टिक बांधलेले असते, तो नायलॉनचा ठेवल्यास प्लास्टिक तळापासून थोडे वर तरंगत राहते. येथे सगळीकडे फ्लोरोकार्बन वापरणे म्हणजे स्वतःच्याच रिगच्या विरुद्ध काम करणे होय.

७. टॉपवॉटर लुअरला फ्लोरोकार्बन का चालत नाही? माझ्याकडे तीच आहे.

प्रश्न ३ मधले वजन येथे शत्रू होते. पॉपर किंवा ‘वॉकिंग’ प्रकारचे लुअर पृष्ठभागावर डुलायला हवे. लाइन बुडाली की ती त्याचे नाक खाली ओढते, डुलणे बिघडते आणि पाणी उडवण्याऐवजी लुअर डुबकी मारते. अशा लुअरला १५ ते १७ पाउंडांचे नायलॉन, किंवा ३० पाउंडांच्या विणलेल्या लाइनला पुढे अर्धा मीटर नायलॉन जोडून वापरावी. दाट पानांवरून ओढायच्या पोकळ बेडकाला तर सरळ ५० ते ६५ पाउंडांची विणलेली लाइनच हवी.

अपवाद एकच, तोही निम्मा : सतत आणि वेगाने गुंडाळायचे बझबेट. ते वेगामुळेच वर राहते, म्हणून त्याच्यामागे फ्लोरोकार्बन कशीबशी निभते. पण गुंडाळण्यात खंड पडला की तेही बुडते.

८. जपानी बंडलावर पाउंडांबरोबर ‘३ गो’ किंवा ‘४ गो’ असे लिहिलेले असते. ते काय असते?

‘गो’ म्हणजे क्रमांक. तो ताकद नव्हे, तर जाडी सांगतो. १ क्रमांक म्हणजे ०.१६५ मिलिमीटर, २ म्हणजे ०.२३५, ३ म्हणजे ०.२८५, ४ म्हणजे ०.३३० आणि ५ म्हणजे ०.३७०. फ्लोरोकार्बनच्या बाबतीत ढोबळमानाने क्रमांकाला ४ ने गुणले की पाउंड मिळतात : २ क्रमांक ८ पाउंडांच्या जवळ, ३ क्रमांक १२ च्या, ४ क्रमांक १६ च्या आणि ५ क्रमांक २० च्या. हे गणित विणलेल्या लाइनला लावू नये. तेथे त्याच क्रमांकाची ताकद कितीतरी जास्त असते.

बॅस अमेरिकेचा असताना त्याच्या लाइनची परिभाषा जपानी का, असेही काही जण विचारतात. हा मासा १९२५ मध्ये अमेरिकेतून जपानच्या आशी सरोवरात नेऊन सोडला गेला आणि तेथे त्याने असे बस्तान बसवले की २००९ मध्ये बिवा सरोवरात पकडलेल्या २२ पाउंड ५ औंसांच्या लार्जमाउथने जॉर्जियातल्या १९३२ च्या विक्रमाशी बरोबरी केली. फ्लोरोकार्बनचा जन्मही तिकडचाच, त्यामुळे परिभाषा तिकडून येणे ओघानेच आले.

९. दोन कंपन्यांच्या १२ पाउंडांच्या लाइन हाताला वेगवेगळ्या जाड लागतात. कोणती खरी?

दोन्ही खऱ्या असू शकतात. पाउंडांचा आकडा बहुधा ‘किमान इतका भार पेलेल’ असे सांगतो. एखादी कंपनी अंदाज सुरक्षित ठेवण्यासाठी जाड धाग्यावर कमी आकडा छापते, तर दुसरी नेमका छापते. ज्यांना विक्रमासाठी ठरावीक वर्गाची लाइन लागते त्यांच्यासाठी त्या आकड्याच्या आतच तुटणारी लाइन वेगळी मिळते, पण रोजच्या वापराला ती नको. तुलना करताना बंडलाच्या मागे बारीक अक्षरांत दिलेला व्यास पाहावा. ०.२८ ते ०.२९ मिलिमीटर हा १२ पाउंडांचा वाजवी व्यास आहे. त्याहून खूपच जाड १२ पाउंडी लाइन क्रँकबेटची खोली खाऊन टाकेल.

१०. स्पिनिंग रीलवर भरली की ती स्प्रिंगसारखी उड्या मारत बाहेर येते. काय चुकते?

बहुतेक वेळा जाडी चुकते. फ्लोरोकार्बन ताठ असते आणि गुंडाळलेला आकार लक्षात ठेवते. स्पिनिंग रीलची लहान, स्थिर चकरी ही खोड आणखी वाढवते. २५०० आकाराच्या रीलवर ६ पाउंड उत्तम, ८ ही मर्यादा. १० पाउंडांचा हट्ट धरू नये. स्पूल काठोकाठ न भरता कडेपासून सुमारे ३ मिलिमीटर जागा सोडावी. भरताना लाइन ओल्या कापडातून ताणून घ्यावी, बेल, म्हणजे लाइन गुंडाळणारी तारेची कमान, हाताने बंद करावी आणि फेकल्यावर पहिला वेढा घट्ट बसला आहे ना, हे पाहावे. सिलिकोनचा लाइन कंडिशनर आदल्या रात्री फवारला तर फरक पडतो, पण जाड लाइनचे पाप त्याने धुतले जात नाही. खरा उपाय पुढच्या उत्तरात आहे.

११. पूर्ण फ्लोरोकार्बन भरावी, की विणलेल्या लाइनला फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे लुअरजवळचा वेगळा तुकडा, जोडावा?

स्पिनिंग रीलसाठी माझे उत्तर निःसंदिग्धपणे लीडर असे आहे. १० ते १५ पाउंडांची विणलेली लाइन आणि पुढे २ ते ४ मीटर ६ किंवा ८ पाउंडांची फ्लोरोकार्बन. फेकही लांब जाते, गुंताही कमी होतो आणि एक बंडल अनेक महिने पुरते.

बेटकास्टिंग रीलवर क्रँकबेट, जर्कबेट आणि स्पिनरबेटसाठी मी पूर्ण फ्लोरोकार्बन भरतो. कारण प्रश्न ३ मधला सरळपणा हा संपूर्ण लाइन बुडण्यातून येतो. पुढचे दोन मीटर बुडाले आणि मागचे तीस मीटर तरंगत राहिले, तर लीडरने कमी दिसणे साधते, बुडणे साधत नाही. शिवाय तिहेरी गळांच्या लुअरवर मासा उसळी घेतो तेव्हा थोडीशी ताणणारी लाइन गळ उपटू देत नाही.

जोडगाठ रॉडच्या कड्यांतून जाणार असेल तर ती बारीक हवी. एफजी गाठ सर्वांत सडपातळ, पण शिकायला वेळ लागतो. अल्बर्टो गाठ पाण्याच्या काठावर, थंड बोटांनीही बांधता येते. दुहेरी युनी सोपी आहे, पण तिचा गोळा मोठा होतो.

१२. ‘लीडर’ असे छापलेली फ्लोरोकार्बन महाग का असते? साधीच वापरली तर?

लीडरसाठीची लाइन सहसा अधिक ताठ आणि घासण्याला चिवट असते, तर रीलवर भरायची मुद्दाम मऊ केलेली असते. गोड्या पाण्यातल्या बॅससाठी ६ ते १५ पाउंडांच्या टप्प्यात साधी लाइन लीडर म्हणून खुशाल वापरावी. उलट प्रयोग मात्र करू नये. लीडरची लाइन स्पूलवर भरली की ती तारेसारखी वागते.

१३. माझी लाइन दर वेळी गाठीपाशीच तुटते. कंपनी बदलू का?

आधी तुटलेले टोक नीट पाहावे. टोक डुकराच्या शेपटीसारखे कुरळे झाले असेल तर गाठ घसरून सुटली आहे, म्हणजे वेढे कमी पडले किंवा ती पुरती आवळली गेली नाही. टोक सरळ तुटले असेल आणि जवळचा भाग पांढुरका, खरखरीत असेल तर लाइन घासलेली होती. गाठीच्या ऐन तोंडाशी तुटली असेल तर बहुधा ती आवळताना भाजली आहे. पीव्हीडीएफ सुमारे १७० अंश सेल्सिअसला वितळते, नेहमीचे नायलॉन २२० च्या आसपास. कोरडी गाठ झटक्यात ओढली की वेढे एकमेकांवर घासून निर्माण होणारी उष्णता पातळ धाग्याला सहज इजा करते.

म्हणून गाठ थुंकीने किंवा पाण्याने पूर्ण ओली करावी, हळूहळू, एका संथ ओढीत आवळावी, आणि वेढे एकावर एक न चढता शेजारी शेजारी बसले आहेत का, हे नखाने चाचपून पाहावे. एकहुकी लुअरला पालोमार गाठ चांगली, पण तिच्या दोन्ही पदरी एकमेकींना ओलांडता कामा नयेत. तिहेरी गळांच्या लुअरवर पालोमारचा फास ओढून घेणे किचकट होते, तेथे १२ पाउंडांपर्यंत पाच वेढ्यांची सुधारित क्लिंच आणि त्यापुढे सॅन दिएगो जॅम. गाठ बांधून झाल्यावर लुअर एखाद्या कड्याला अडकवून खरोखर जोरात ओढून पाहावी. जी तुटायची ती तेथेच तुटलेली बरी.

हे सर्व करूनही तुटत असेल तर कंपनी बदलावी. बहुतेक वेळा ती वेळ येत नाही.

१४. मासा नाही, अडकलेही काही नाही, आणि फेकतानाच टक्कन तुटून लुअर उडून गेले. असे कसे?

आधीच्या एखाद्या फेकीत बेटकास्टिंग रीलवर गुंता झाला असणार. गुंता उकलताना लाइनला पडलेली मोड नायलॉन बऱ्याच अंशी विसरते. फ्लोरोकार्बन विसरत नाही. ती मोड पुढच्या जोरकस फेकीत तुटते. मी स्वतः असे एक नवे कोरे क्रँकबेट तलावाच्या मध्यभागी अर्पण केले आहे, तेही मोड डोळ्यांना दिसत असताना ‘एवढ्याने काय होते’ असे म्हणून. गुंता सोडवल्यावर लाइन दोन बोटांतून सरकवावी. बोटाला कोन लागला, तर त्याच्यापुढची सगळी लाइन कापावी. नवशिक्याने फेकीवर हात बसेपर्यंत स्वस्त नायलॉनच वापरावे, हे त्याच्या खिशाच्या हिताचे आहे.

१५. दोनशे यार्डांचे बंडल एकाच रीलला संपते. काटकसर कशी करावी?

स्पूलचा निम्मा तळ जुन्या नायलॉनने भरावा आणि वर ८० ते १०० यार्ड फ्लोरोकार्बन दुहेरी युनीने जोडावी. बॅसची फेक क्वचितच ४० यार्डांपलीकडे जाते आणि बॅस हा शंभर यार्ड पळणारा मासा नव्हे. जोड तुमच्या सर्वांत लांब फेकीच्याही पलीकडे, स्पूलच्या आत राहील असे पाहावे. तळाशी नायलॉन असल्याचा आणखी एक लाभ म्हणजे गुळगुळीत स्पूलवर फ्लोरोकार्बनची पूर्ण गुंडाळी घसरत फिरते, ते टळते.

१६. लाइन किती दिवसांनी बदलावी?

दिवस मोजू नयेत. फ्लोरोकार्बन कपाटात किंवा उन्हात पडून सहसा खराब होत नाही, ती वापराने होते. प्रत्येक मोठा मासा काढल्यानंतर आणि खडकाळ जागेतून आल्यानंतर लुअरच्या मागचा मीटरभर भाग ओठांतून किंवा बोटांतून फिरवावा. खरखर जाणवली की कापून पुन्हा बांधावे. शंभर यार्डांतले तीसेक असे कापले गेले, किंवा लाइन सैल सोडल्यावरही वेटोळी करून राहू लागली, की वरचा थर बदलावा. तळाच्या नायलॉनला हात लावण्याचे कारण नाही.

१७. महाग लाइन घ्यावीच लागते का?

सर्व लुअरना नाही. एकाच सीगारच्या घरात इन्व्हिझएक्स मऊ आणि फेकायला सोपी, अ‍ॅब्रॅझएक्स घासण्याला चिवट, तर तात्सू दोन प्रकारच्या रेझिनांची आणि बरीच महाग आहे. क्रँकबेट आणि स्पिनरबेटला मधल्या दराची मऊ लाइन पुरते, कारण तेथे मासा स्वतःच गळाला लागतो. तळावरच्या जिगला, जेथे हलकासा स्पर्श ओळखण्यावर सगळे अवलंबून असते, चांगल्या लाइनचा फरक कळतो. अगदी स्वस्तातली मात्र टाळावी; तिचा व्यास जागोजागी कमी-जास्त असतो आणि गाठ कितीही नीट बांधली तरी ती पातळ जागी तुटते.

१८. ‘फ्लोरोकार्बन कोटेड’ आणि ‘हायब्रिड’ म्हणजे काय? घरी ओळखता येते का?

कोटेड म्हणजे आत नायलॉन आणि वर फ्लोरोकार्बनचा पातळ लेप. हायब्रिडमध्ये दोन्हींचे एकत्र मिश्रण असते. या लाइन वाईट नाहीत. मऊपणा हवा आणि थोडे बुडणेही हवे, अशांना त्या आवडतात. फक्त त्यांच्याकडून शुद्ध फ्लोरोकार्बनच्या गुणांची अपेक्षा करू नये. बंडलावर ‘शंभर टक्के’ हे शब्द आहेत का, ते पाहावे.

शंका असेल तर स्वयंपाकघरात परीक्षा घेता येते. एका पेल्यात शंभर मिलिलिटर पाण्यात मीठ विरघळायचे थांबेपर्यंत, म्हणजे साधारण ३६ ग्रॅम, ढवळावे. त्या पाण्याची घनता सुमारे १.२ होते. लाइनचे नखाएवढे तुकडे भांडी घासायच्या साबणाच्या थेंबाने ओले करून बोटाने आत बुडवावेत. नायलॉन वर येते, शुद्ध फ्लोरोकार्बन तळ गाठते. साध्या पाण्यात ही परीक्षा घेऊ नये, कारण त्यात दोन्ही बुडतात. लेप जाड असेल तर कोटेड लाइनही बुडू शकते, म्हणून ही परीक्षा ‘नापास’ ठरवायला भरवशाची आहे, ‘पास’ ठरवायला तितकीशी नाही.

१९. आमच्या तलावात झेब्रा शिंपले आहेत. तेथे १५ पाउंडसुद्धा कापली जाते. काय करावे?

टेक्सास आणि ओक्लाहोमाच्या सीमेवरच्या लेक टेक्सोमामध्ये २००९ मध्ये हे शिंपले आढळले आणि त्यानंतर टेक्सासच्या अनेक तलावांत पसरले. खडक आणि खांब यांवर चिकटलेल्या त्यांच्या कडा पात्यासारख्या असतात. येथे घासण्याला तोंड देण्याचा प्रश्नच उरत नाही, तो कापण्याचा होतो, आणि कोणतीही बॅसची लाइन ताणलेल्या अवस्थेत त्या कडेवर फार काळ तगत नाही. विणलेली लाइन तर आणखी लवकर जाते. १७ ते २० पाउंडांवर जावे, चिवट प्रकारची लाइन घ्यावी, दर काही फेकींनंतर टोक तपासावे आणि मासा लागताच त्याला खांबापासून बाजूला वळवावे. तळ घासत न्यायच्या जिगऐवजी तळापासून हातभर वरून जाणारे लुअर निवडणे हा अधिक स्वस्त उपाय आहे.

२०. थंडीत वेगळी लाइन लागते का?

प्रकार तोच ठेवावा, जाडी एक पायरी कमी करावी. थंडीत फ्लोरोकार्बन आणखी ताठ होते आणि गाठ आवळायला अधिक संयम लागतो. रॉडच्या कड्यांत बर्फ धरत असेल, तर पाणी धरून ठेवणाऱ्या विणलेल्या लाइनपेक्षा फ्लोरोकार्बन बरी पडते.

२१. ही लाइन ‘पीएफएएस’मध्ये, म्हणजे सहजी न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांच्या वर्गात, येते का? तुटलेली लाइन कुठे टाकावी?

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२१ च्या व्यापक व्याख्येनुसार पीव्हीडीएफ त्या वर्गात बसते, कारण तिच्या साखळीत दोन फ्लोरिन अणू जोडलेले कार्बन असतात. गोळा झालेले तुकडे जाळू मात्र नयेत. फ्लोरिनयुक्त प्लास्टिक जळताना विषारी, दाहक वायू निघतात. पाण्यात किंवा काठावर टाकलेली लाइन वर्षानुवर्षे कुजत नाही आणि पक्ष्यांच्या पायांत अडकते. अनेक तलावांच्या धक्क्यांवर लाइन गोळा करण्यासाठी प्लास्टिकच्या उभ्या नळ्या लावलेल्या असतात. कोणती लाइन चालते, हे त्यांवर लिहिलेले असते. विणलेली लाइन बहुधा चालत नाही. नळी नसेल तर लहान तुकडे करून घरच्या कचऱ्यात टाकावेत.

२२. सुट्टीत गावी जाताना हेच बंडल कोकणात नेले, तर जिताड्याला चालेल का?

मुख्य लाइन म्हणून नको. लीडर म्हणून फ्लोरोकार्बन उत्तम, पण हे बंडल नव्हे. खाडीत जिताडा आणि तांबोशी दोघेही लागल्याबरोबर खारफुटीच्या मुळांत किंवा कालवांनी भरलेल्या खडकांत शिरतात, आणि जिताड्याच्या गालफडाची धारही लाइन कापते. १२ किंवा १५ पाउंडांची बॅसची लाइन तेथे पहिल्याच धडकेत जाईल. ३० पाउंडांच्या आसपासची विणलेली लाइन आणि पुढे मीटर-दीड मीटर, ३० ते ५० पाउंडांची खास लीडरची फ्लोरोकार्बन, असा जोड न्यावा. प्रश्न १२ मध्ये टाळायला सांगितलेला ताठपणा येथे उपयोगी पडतो. खाऱ्या पाण्याने पीव्हीडीएफचे काही बिघडत नाही, पण लुअरचे गळ आणि कडी मात्र बॅसच्या मापाची असतील तर ती सरळ होतील. तीही बदलून न्यावीत.